अनुमोदक म्हणून माझं नाव

आमच्या गावच्या सरपंचाने आणि ग्रामसेवकाने मला फसवलं. पैशाला नाही. पैशाला मला फसवणारा माणूस मंचर ते आळेफाटा या पट्ट्यात अजून जन्मायचा आहे. त्यांनी माझा होकार चोरला. मी कधी न बोललेलं वाक्य माझ्या नावावर लिहिलं, खाली शिक्का मारला आणि तालुक्याला पाठवून दिलं.

वाक्य असं : गावचा बाजारतळ शीतगृहासाठी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यास ही ग्रामसभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. त्याखाली सूचक म्हणून एका मेंबरचं नाव आणि अनुमोदक म्हणून माझं. सूचक म्हणजे ठराव मांडणारा. अनुमोदक म्हणजे सभेत उभं राहून 'मलाही हे मान्य आहे' असं सांगणारा. मी उभा राहिलो नव्हतो. उभा राहणार तरी कुठे? त्या दिवशी सभाच भरली नव्हती.

गावाचं नाव लिहीत नाही. मंचरहून लोणीच्या अंगाला निघालं की वाटेत जी गावं लागतात त्यांतलं एक, एवढं पुरे. गावाबाहेर चिंचांची अकरा झाडं आहेत. त्यांच्या सावलीला दर मंगळवारी बैलबाजार भरतो. मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा व्यापारी. सातवीत शाळा सुटली तेव्हा माझ्या नावावर काहीच नव्हतं. आज घर आहे, दोन टेम्पो आहेत, मुलगी जुन्नरला कॉलेजात इतिहास शिकवते. हे सगळं मी त्या अकरा चिंचांखाली बोलून बोलून मिळवलं. बाजारतळ जाण्याला अनुमोदन देणारा मी गावातला शेवटचा माणूस असेन.

बैलाचा सौदा कसा होतो हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. विकणारा आणि घेणारा समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. एक बोट धरलं तर एक, चार धरली तर चार. शेकडा की हजार, ते जनावर बघून समजायचं. तोंडाने मात्र हवापाण्याच्या गप्पा चालू असतात. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळतो. मला ही विद्या जुन्नरच्या एका मुसलमान व्यापाऱ्याने शिकवली. त्यांना सगळा बाजार चाचा म्हणतो. आता पंचाहत्तरी उलटली आहे, पण बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्याने आदल्या दिवशी नांगर ओढला की गाडा, हे सांगतात.

पहिल्याच वर्षी मी एक शहाणपणा केला होता. मालक चहाला गेला असताना त्याच्या भाच्याच्या हाताशी सौदा ठरवला. भाव झकास पडला. चाचांनी टॉवेल काढून माझ्या तोंडावर मारला.

"हात कोनाचा व्हता?"

"भाच्याचा."

"बैल कोनाचा?"

"मामाचा."

"मग ह्यो सौदा न्हाई गड्या. चोरी हाय. ज्याचा बैल त्याचाच हात पायजे. त्यो झोपला असंल तर उठवायचा. उठत नसंल तर घरी जायाचं."

चाळीस वर्षं मी हा नियम पाळला. घासाघीस मी रक्त निघेपर्यंत करतो. बैलाचा दात वाकडा असेल तर भावही वाकडा करतो. पण समोरच्याचा हात टॉवेलखाली असल्याशिवाय कधी 'झालं' म्हटलं नाही.

आता त्या न भरलेल्या सभेविषयी. यात माझीही चूक आहे, ती मी लपवणार नाही. लपवून माल विकणं मला जमतं, पण हा माल विकायचा नाही.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त माणसं कुठे जमत असतील तर दशक्रियेला. लग्नाला एक माणूस जाऊन घराचं नाव लावतो. दहाव्याला अख्खं घर येतं. नदीकाठी मांडव असतो, प्रवचन असतं, मग पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, आणि शेवटी सगळे कावळ्याची वाट बघत बसतात. ग्रामसभेला मात्र कुत्रं येत नाही. नियमाने शंभरेक माणसं लागतात. म्हणून कधीतरी कुणा हुशार माणसाने शोध लावला, की माणसं सभेकडे येत नसतील तर सभेचं रजिस्टर माणसांकडे न्यावं. तेव्हापासून आमच्या गावची ग्रामसभा दशक्रियेच्या मांडवात भरते. भरते म्हणजे शिपाई रजिस्टर घेऊन रांगेने फिरतो.

मागच्या फाल्गुनात भावकीतल्या एका म्हातारीचा दहावा होता. पिंड ठेवला होता आणि कावळा शिवत नव्हता. म्हातारीचा मुलगा हात जोडून म्हणत होता, "आये, तुझी म्हस न्हाई इकत, शिव आता." तेवढ्यात शिपाई माझ्या कानाशी आला.

"भाऊ, एक सही."

"कशाची रे?"

"न्हेमीचीच."

मी सही केली. ते कशाचं रजिस्टर आहे हे मला माहीत होतं. माझ्या पुढेमागे सही करणाऱ्या सगळ्यांनाही माहीत होतं. सभेच्या नावाखालची अख्खी पानं कोरी होती, तेही दिसत होतं. मी चष्मा काढून बैलाचे खूर बघणारा माणूस, पण कोऱ्या कागदावर सही करताना मला काहीच वाटलं नाही. तिकडे कावळा शिवला, माणसं उठली, आम्ही भात आणि गुळवणी जेवून घरी आलो.

कोऱ्या पानावर काय उतरलं, ते मला चैत्रातल्या एका मंगळवारी कळलं. तळावर गेलो तर चिंचांच्या बुंध्यांभोवती फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या. मोजणीवाले येऊन गेले होते. चाचा एका झाडाखाली बसले होते. मी नेहमीप्रमाणे जवळ जाऊन टॉवेल पुढे केला. त्यांनी हात पुढे केला नाही.

"काय झालं चाचा?"

"तू दिलीस म्हनं जागा."

"कोन म्हनतं?"

"कागद म्हनतो. चहावाल्यानं मोबाइलवर दाखवला. तुझं नाव वाचलं म्या. दोनदा वाचलं." त्यांनी स्वतःचा टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "तुला जागेचं काय मिळालं ते इचारनार न्हाई. पन आता मी बेल्ह्याच्या बाजारालाच जात जाईन. तिथं नवे लोक हायेत, पन कोन कोनाच्या हातानं बोलतो ते कळतं."

मी ओरडलो. माझा स्वभाव आहे, मी आधी ओरडतो. म्हणालो, चाचा, मला विकत घेणारा अजून... वगैरे वगैरे. ते उठून गेले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा टॉवेल हवेत तसाच राहिला, आणि भोवतीच्या पन्नास माणसांनी तो पाहिला. माझ्या धंद्यात दुकान नसतं, पाटी नसते, पावती नसते. शब्द असतो. तो गेला तर मी उरतो दोन टेम्पो असलेला एक म्हातारा.

तिथून तडक पंचायतीत गेलो. सरपंच वयाने माझ्या पुतण्यासारखा. पांढरे बूट घालतो.

"या भाऊ, चा घ्या."

"प्रोसिडिंग दाखव."

त्याने ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकाने रजिस्टर काढलं. माझं नाव इतक्या सुरेख अक्षरात कुणीच कधी लिहिलेलं नव्हतं.

"हे मी कवा बोललो?"

सरपंच हसला. "राव, अनुमोदक म्हनून कोनाचं तरी नाव घालावं लागतंच की. तुमचं घातलं. मान वाढवला तुमचा."

"मला इचारलं का?"

ग्रामसेवक म्हणाले, "तुम्ही हजर होता. सही तुमचीच आहे ना?"

"सही माझीच हाय."

"मग झालं तर."

'झालं' हा शब्द ग्रामसेवकांनी वापरला आणि माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला तो चहाच्या कपावर पडला. कप फुटला, चहा सांडला, शिपाई रजिस्टर उचलून पळाला. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून माझ्यावर केस करू, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, करा, तिथे तरी कुणीतरी मला बोलू देईल.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमची निदान सही तरी खरी हाय. बायकांची सभा आदल्या दिवशी झाली म्हनं. मी व्हते त्यात. म्या भाषन बी केलंय, असं मेंबरीन सांगत व्हती."

"तू मला कधी सांगितलं न्हाईस!"

"तुमी कधी इचारलंत?"

ठरावाची नक्कल मी अर्ज करून, फी भरून मिळवली आणि शर्टाच्या खिशात ठेवून जुन्नरला गेलो. चाचांच्या घरी जायचं होतं, पण धाडस होईना. मुलीकडे गेलो. तिने नक्कल वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आबा, आत्ता तुम्ही कुणाशीच बोलू नका. संध्याकाळी आमच्याकडे व्याख्यान आहे. मागच्या खुर्चीत बसा. डोकं थंड करा."

व्याख्यानाचा विषय असा होता की मी एरवी दारातूनच परत फिरलो असतो : पश्चिमेकडचे देश ज्या राजकीय मूल्यांना आपली सगळ्यांची मूल्यं म्हणतात, ती आली कुठून? पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक बोलायला आले होते. बारीक अंगाचे, आवाज मात्र लिलावदारासारखा. पंख्याखाली झोप काढावी अशा बेताने मी टेकलो. पाच मिनिटांत पुढे सरकून बसलो.

ते म्हणाले, अथेन्स नावाच्या गावात नागरिकांची सभा टेकडीवर भरायची. लोक तिथेही बाजारात रेंगाळत बसायचे, आमच्यासारखेच. मग त्यांनी काय करावं? दोराला ओला तांबडा रंग फासायचे, दोन माणसं दोर ताणून धरायची आणि बाजारातून माणसं सभेकडे हाकायची. ज्याच्या कपड्याला रंग लागेल त्याला दंड. मी मोठ्याने हसलो. हे बैल हाकणाऱ्या माणसाला समजतं. त्यांनी माणसं सभेकडे हाकली. आम्ही सभा माणसांकडे हाकली. सगळा बिघाड तिथेच झाला.

त्या सभेत बायका नव्हत्या, गुलाम नव्हते, बाहेरगावचे नव्हते, हेही त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही. मला बायकोचं भाषण आठवलं, जे तिने केलंच नव्हतं.

मग रोम. तिथे कायदा काय आहे हे फक्त मोठ्या घराण्यांना माहीत. निकाल देणारे तेच, आणि नियम सांगणारेही तेच. एकदा सामान्य लोक वैतागून गाव सोडून उठले आणि बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. शेतं, लढाया, सगळं तुमचं तुम्ही बघा. मोठी घराणी हात जोडत आली. अशी ओढाताण बरीच वर्षं चालली आणि तिच्यातून पुढे कायदा फळ्यांवर लिहून चौकात लावला गेला. प्राध्यापक याला लोकांचा हक्क म्हणत होते. मी मनात म्हटलं, साहेब, हा तर बाजारातला पहिला धडा आहे. भाव पटत नसेल तर उठायचं. पाठ दाखवल्याशिवाय समोरचा खरं बोलत नाही.

मग त्यांनी इंग्लंडच्या राजाची गोष्ट सांगितली. आठशे वर्षांपूर्वी त्याच्या सरदारांनी त्याला नदीकाठच्या कुरणात गाठलं आणि सनदेवर शिक्का मारायला लावला : मुक्त माणसाला कायद्याशिवाय धरणार नाही, आम्हाला विचारल्याशिवाय नवी करपट्टी बसवणार नाही. सरदार काही साधुसंत नव्हते, स्वतःपुरतं बघत होते. राजानेही काही आठवड्यांत सनद रद्द करून घेतली. पण लोकांनी पुढच्या राजाकडून ती पुन्हा लिहून घेतली, आणि मग पुन्हा. तिथे माझी खात्री पटली. ही मूल्यं कुणी देवळातून प्रसादासारखी वाटलेली नाहीत. प्रत्येक ओळ घासाघीस करून मिळवलेली आहे, मोडलेला सौदा परत परत बांधून मिळवलेली आहे. शिकलेले लोक तिला मूल्य म्हणतात. आम्ही किंमत म्हणतो. ती कुणीतरी मोजलेली असते.

प्रश्न विचारा म्हणाले तसा मी उठलो. मुलीने कपाळाला हात लावला.

"साहेब, एक शंका. सही माझी, पन बोललो मी न्हाई. आन कागद म्हनतो सगळ्यांची संमती. तुमच्या त्या लोकांत याला काय म्हनायचे?"

माणसं हसली. प्राध्यापक हसले नाहीत. त्यांनी सगळी हकीकत विचारली, मी खिशातली नक्कल काढून वाचून दाखवली. ते म्हणाले, "रोमच्या कायद्यात एक छोटा नियम होता. एका अज्ञान मुलाचे तीन-चार पालक असतील, तर ज्या गोष्टीची झळ त्या सगळ्यांना पोचते ती सगळ्यांच्या संमतीने व्हावी. पुढे चर्चच्या लोकांनी तो नियम आपल्या सभांना लावला. मग राजांनी पट्टी मागायला लोकांचे प्रतिनिधी बोलावले, तेव्हा तोच नियम कामी आला. पार्लमेंटच्या मुळांत तोही आहे. पण तुम्ही इतक्या लांब कशाला जाता? इथल्या डोंगरात जे भिक्खू राहत होते, त्यांच्या संघाचा नियम काय होता माहीत आहे? महत्त्वाचा प्रस्ताव सगळ्यांसमोर तीनदा मोठ्याने म्हणायचा. ज्याला मान्य नसेल त्याने बोलावं. तीनदा ऐकून गप्प राहिला तरच त्याची संमती."

मी म्हटलं, "म्हंजे गप बसन्याला बी आधी ऐकावं लागतं."

"अगदी बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काही मुलांना लेणी दाखवायला घेऊन जाणार होते. मीही गेलो. जुन्नरला मी हजार वेळा आलो असेन, पण डोंगराकडे कधी मान वर करून बघितलं नव्हतं. डोंगरात कोण बैल विकतो? एका ठिकाणी त्यांनी भिंतीवरच्या अक्षरांवरून हवेतच बोट फिरवत वाचून दाखवलं. कुणा यवनाने संघाला पाण्याची टाकी दिली होती. यवन म्हणजे ग्रीकांकडचा, निदान त्यांच्यात मोडला जाणारा, असं ते म्हणाले. नक्की कोण होता यावर विद्वानांचं अजून भांडण आहे. मला त्या भांडणाशी घेणं नव्हतं. मी बघत होतो ते वेगळंच. कुणी दिलं, काय दिलं, कुणाला दिलं, तिन्ही गोष्टी दगडात. देणाऱ्याने आपली वस्तू आपल्या नावाने दिली होती. दोन हजार वर्षं झाली, अजून कुणी म्हणालेलं नाही की बाबा, मी दिलीच नव्हती. आणि आमच्या गावचा कागद तीन महिन्यांत खोटा पडतो.

उतरताना मुलगी म्हणाली, "आबा, आता काय करणार?"

"दोर घेनार," मी म्हटलं.

तिला वाटलं मी गंमत करतोय.

पुढची ग्रामसभा सकाळी दहाला देवळाच्या सभामंडपात ठेवली होती. दहा वाजता तिथे सरपंच, ग्रामसेवक, शिपाई आणि रजिस्टर, एवढेच होते. रजिस्टर कुठल्या मांडवाकडे निघणार हे मला ठाऊक होतं, कारण त्याच दिवशी खालच्या आळीत एक वर्षश्राद्ध होतं. मी बाजारातल्या दोन हमालांना बोलावलं. बैलांची शिंगं रंगवायला ठेवलेला गेरू बादलीत कालवला, कासरा त्यात बुचकळला आणि पाराच्या पलीकडून आम्ही रस्ताभर दोर ताणून चालायला लागलो. पारावर पत्ते चालू होते, चहाच्या टपरीवर गर्दी होती.

"भाऊ, हे काय काढलं?"

"सभा हाय. चला. ज्याला गेरू लागंल त्यो मेंबरचा मानूस."

एक मेंबर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत फटफटीला टेकून उभा होता. दोर जवळ येताना बघून आधी हसला, मग मागे सरकला, मग पळाला. त्याला पळताना बघून पोरंटोरं नाही, चांगली जाणती माणसं ओरडायला लागली. बायको शेजारच्या चौघींना घेऊन दोराच्या पुढे चालत होती, जणू वरातीतच. वर्षश्राद्धाच्या मांडवातून माणसं काय गोंधळ आहे म्हणून बाहेर आली आणि गोंधळात मिसळली. कुणाच्याही अंगाला फारसा गेरू लागला नाही, पण सभामंडप भरला. बाहेर चपलांचा ढीग पडला. मला आठवतं तसं त्या देवळात इतकी माणसं काकड्यालाही नसतात.

मंडपाच्या खांबाला टेकून, पायरीच्या बाहेर, चाचा उभे होते. ते आमच्या गावचे मतदार नाहीत, म्हणून आत आले नाहीत. तेवढा नियम त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. मुलीने त्यांना फोन केला होता, हे नंतर कळलं.

मी उठलो. खिशातून नक्कल काढली आणि ठराव मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना सरपंच म्हणाला, "भाऊ, कळलं की. बहिरे न्हाईत लोक."

"दोनदा कळत न्हाई. तीनदा वाचायचं असतं."

मग मी विचारलं, "त्या दिवशी या सभेत कोन कोन बसला व्हता? हात वर करा."

एकही हात वर आला नाही. सूचक म्हणून ज्याचं नाव होतं तो मेंबर खाली मान घालून मोबाइल बघत होता.

"आता, रजिस्टरवर सही कोनी कोनी केली? हात वर करा."

पुन्हा तेच. इथे मला थोडं जड गेलं. पण चाचा बाहेर होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. मी माझाच हात वर केला. "म्या केली. म्हातारीच्या दहाव्याला, कावळ्याची वाट बघताना. कोऱ्या पानावर. वाचली न्हाई, इचारलं न्हाई. ही चूक माझी."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्या बी." मग एक हात, मग चार, मग मोजता येईनात इतके. एक म्हातारा म्हणाला, "मी तर दोनदा केली. एक पोराच्या नावची." लोक हसले.

मी म्हटलं, "सही म्हंजे मी आलो व्हतो. मान्य. आलो व्हतो म्हंजे मी बोललो, हे कुठनं आलं? टॉवेलखाली निदान दोन हात असत्यात. ह्या कागदात एकच हात हाय, आन त्यो माझा न्हाई."

ग्रामसेवक उठले. "मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालेलं आहे. हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही."

"मग अध्यक्षाच्या परवानगीनं घ्या."

सरपंच म्हणाला, "परवानगी न्हाई. मागचं उकरून काय मिळनार? गावाचा इकास व्हतोय."

"व्हवू दे की. शीतगृह चांगलं का वाईट, ते आमी बसून ठरवू. आजच ठरवू. हात वर करून ठरवू. मलाच पटलं तर मीच अनुमोदन देईन, आन तोंडानं देईन. पन आधी सांग, ही ओळ कोनी लिहिली?"

त्याने सभा संपली असं जाहीर केलं. पांढरे बूट घातले आणि निघून गेला. ग्रामसेवक रजिस्टर छातीशी धरून त्याच्या मागे. माणसं मात्र उठली नाहीत. बराच वेळ बसून राहिली, आपापसात बोलत. कोण म्हणत होतं शीतगृह हवंच, कांदा सडतो. कोण म्हणत होतं तळ गेला तर बैल कुठे उभे करायचे. जोरात वाद झाला, बायका पण बोलल्या. माझी बायको खरोखर बोलली, आणि माझ्या विरुद्ध बोलली. म्हणाली, अर्धा तळ द्यावा, झाडं ठेवावीत. मी रागावलो आणि मनातून मान्यही केलं. इतक्या वर्षांत आमच्या गावची ती पहिली ग्रामसभा असेल. तिची नोंद कुठेच नाही.

बाहेर आलो. चाचा पायरीजवळच होते. मी टॉवेल पुढे केला. त्यांनी तो बघितला, त्याच्यावरचा गेरूचा डाग बघितला.

"बोललास चांगला," ते म्हणाले. "हात वर केलास त्ये लई चांगलं केलंस."

"मग हात द्या."

"कागदावर नाव अजून हाय का?"

"हाय."

"मग त्ये आधी काढून आन गड्या. कागद लिहिनाऱ्याचा हात कोनाचा व्हता, त्ये ठरू दे. मग माझा हात माग." आणि ते एसटी पकडायला गेले.

म्हणून हे लिहितो आहे. गटविकास अधिकाऱ्यांना दोन अर्ज केले, पोच मिळाली, उत्तर नाही. फक्कीच्या रेघा पावसाने पुसल्या तरी परत मारल्या जातात. मंगळवारी मी तळावर जातो, सौदे होतात, पण चाचांची जागा रिकामी असते आणि येणारा प्रत्येक माणूस ती जागा बघून मग माझ्याकडे बघतो.

माझ्या सहीचं उत्तर मी दिलं आहे, दोनशे माणसांसमोर, हात वर करून. आता त्या ओळीचं उत्तर हवं आहे. सरपंच, तुम्ही सांगितलीत की ग्रामसेवक, तुम्ही स्वतःच लिहिलीत? शिक्का मारताना सभेत कोण उभं होतं, आणि त्याने कोणत्या शब्दांत अनुमोदन दिलं? तालुक्याला खोटा कागद पोचल्यावर तो न तपासता कुणी पुढे ढकलला? तुमच्यापैकी जो कुणी असेल त्याने येत्या मंगळवारी बाजारतळावर यावं. चिंचेखाली उभं राहावं, ठराव तीनदा वाचावा आणि सगळ्यांसमोर सांगावं, की हे नाव मी घातलं. चाचांना जुन्नरहून आणायला टेम्पो मी पाठवतो.